एका सांध्याचे दुखणे दुसऱ्या सांध्याला
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्या मंडळात दर वर्षी कुणीतरी एखाद्या विषयावर बोलते. या खेपेस चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही आणि जो विषय मी घेतला आहे तो तर डॉक्टरांचा. तरी तो घेण्याचे कारण आहे. आज इथे जमलेल्या बायकांत गुडघे बदललेल्या किती, ते मी मघाशी मोजले. त्या अकरा निघाल्या आणि त्यांतल्या सात जणींचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. कुणाच्या घरी सासू असेल, कुणाच्या माहेरी आई असेल, त्या वेगळ्याच. तेव्हा हा विषय आता केवळ दवाखान्यातला राहिलेला नाही. तो आपल्या ओटीवर येऊन बसला आहे.

मला सांगायचे आहे ते थोडके आहे. शरीरात बसवलेल्या एका कृत्रिम वस्तूला जंतूंची बाधा झाली, तर दुसऱ्या वस्तूलाही ती होऊ शकते. आणि ती तिथवर पोहोचवण्याचे काम आपलेच रक्त करते. म्हणून जिच्या अंगात असे काही बसवलेले आहे, तिने ताप आणि जखम अंगावर काढायची नाही, आणि नमुना तपासायला दिल्यावाचून अँटिबायोटिकची गोळीही घ्यायची नाही. एवढेच. पण नुसते एवढे सांगितले तर ते कुणाच्या ध्यानात राहणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा २०१६ साली पुण्याला बदलला आणि डावा २०१८ साली. दोन्ही ऑपरेशने उत्तम पार पडली. ज्यांना चार पायऱ्या चढताना कठड्याला धरावे लागे, त्या रोज संध्याकाळी आपल्या वाईच्या गणपती घाटापर्यंत चालत जाऊन येऊ लागल्या. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. पावसाळ्यात चिखल्या कुणाला होत नाहीत? त्यांनी तेल-हळद लावली आणि घरात कुणाला काही बोलल्या नाहीत. मग पाऊल लाल होऊन सुजले, थंडी वाजून ताप आला. तेव्हा त्या एकट्याच जवळच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. गुडघ्यांचे त्यांनी विचारले नाही आणि सासूबाईंनी सांगितले नाही. चिखल्यांचा आणि गुडघ्याचा काय संबंध, असेच दोघांना वाटले असणार. ताप उतरला.

पुढे गौरी-गणपतीच्या गडबडीत उजवा गुडघा सुजला. पुन्हा त्याच गोळ्या झाल्या. गोळ्या चालू असल्या की सूज ओसरे, संपल्या की परत येई. आपल्याकडे म्हणतात, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. हे दुखणे मात्र येतानाच मुंगीच्या पावलाने आले, म्हणून कुणाला त्याची चाहूल लागली नाही.

विसर्जनानंतर आम्ही त्यांना पुण्याला नेले. तिथे गुडघ्यात सुई घालून पाणी काढले. ते गढूळ होते, त्यात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, पण प्रयोगशाळेत त्यातून जंतू काही उगवला नाही. गोळ्यांनी जंतू अर्धमेला करून ठेवला होता. तो मेलाही नव्हता आणि हाती सापडतही नव्हता. जंतू कोणता ते कळल्याखेरीज कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि दोन आठवडे थांबून पुन्हा पाणी काढायचे ठरवले. त्या दोन आठवड्यांच्या अखेरीस ताप परत आला आणि एका पहाटे सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता डावाही ठणकतोय."

त्या दिवशी घरात चूल पेटली, पण कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. एक पाय गेला तर दुसऱ्यावर उभे राहता येते. दोन्ही गेले तर माणूस अंथरुणालाच खिळणार.

शेजारीपाजारी निरनिराळी कारणे सांगू लागले. कुणी म्हणे आतले लोखंड गंजले असेल. कुणी म्हणे उजव्याचा भार डाव्यावर पडला. एका बाईंनी तर आपल्या सुनेला आमच्याकडे येऊ दिले नाही, न जाणो तिलाही लागेल म्हणून. भगिनींनो, यांतले एकही खरे नव्हते. गुडघ्यात बसवतात ते साधे लोखंड नसते. कोबाल्ट-क्रोमियम किंवा टायटॅनियम यांचा मिश्रधातू असतो, आणि दोन धातूंच्या मध्ये एक टणक प्लास्टिकची चकती असते. आणि हे दुखणे शेजारी बसल्याने, एका भांड्यात पाणी प्यायल्याने लागत नाही. अशा घरी जरूर जावे. आजारी बाईला माणसांची गरज असते.

मग डाव्या गुडघ्याला बाधा झाली कशी? माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉक्टर सांगत ते मी वहीत उतरून घेई, आणि रात्री ती तिची पुस्तके उघडून मला ते मराठीत समजावून देई. ते आता तुम्हांला सांगते.

आपल्या अंगातले रक्त साधारण एका मिनिटात सबंध शरीराची फेरी करून येते. पायाच्या भेगेतून, किडक्या दातातून, लघवीच्या बाधेतून जंतू रक्तात शिरला, तर तोही त्या फेरीवर निघतो. निरोगी माणसाच्या रक्तात असे थोडे जंतू अधूनमधून जातात आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. पण धातू किंवा प्लास्टिक म्हणजे जिवंत मांस नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर ना रक्तवाहिनी, ना पेशींचा पहारा. जंतूला बसायला ती आयती जागा मिळते.

१९५७ साली एलेक आणि कोनेन या दोघांनी इंग्लंडात एक प्रयोग केला होता. आपखुशीने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत त्यांनी जंतू टोचले. नुसत्या कातडीत पू होण्यास लाखो जंतू लागले. पण तिथे रेशमाचा एक टाका घातलेला असला, तर काहीशे जंतू पुरले. एका रेशमाच्या दोऱ्याने एवढा फरक पडतो, तर वीतभर धातूने किती पडेल याचा विचार करा. लोटाभर दुधाला बोटभर विरजण पुरते, तसेच हे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या पाण्याच्या हंड्याला चार दिवस आतून हात लागला नाही, तर काय होते? आत बोट फिरवले की बुळबुळीत लागते. नुसते पाणी हेंदकळून ते जात नाही. शेणी-राख घेऊन, नाहीतर घासणी घेऊन खसखसून घासावे लागते. धातूवर बसलेले जंतू असाच बुळबुळीत थर आपल्याभोवती धरतात. थर एकदा पक्का झाला की अँटिबायोटिक वरून वाहून जाते. बाहेर फिरणारे जंतू मरतात, ताप उतरतो, आपल्याला वाटते बरे झाले. आतले मात्र बसून राहतात. गोळ्या संपल्या की ते पुन्हा डोके वर काढतात आणि त्यांतले काही पुन्हा रक्तात उतरतात. सासूबाईंचे नेमके हेच चालले होते. चिखल्यांतून आलेला जंतू उजव्या गुडघ्यात ठाण मांडून बसला आणि तिथून रक्तावाटे डाव्यात गेला.

त्या जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो पुष्कळांच्या नाकात आणि कातडीवर एरवी निमूटपणे राहत असतो. पण तो रक्तात उतरला आणि त्या माणसाच्या अंगात कृत्रिम सांधा असला, तर सुमारे एक तृतीयांश लोकांत तो त्या सांध्यात जाऊन बसतो, असे पाहणीत आढळले आहे. आणि एकाहून अधिक कृत्रिम सांधे असलेल्या माणसाचा एक सांधा बिघडला, तर दुसराही बिघडण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शंभरात चार-पाचांपासून वीसपर्यंत निघाले आहे. ज्यांच्या रक्तात जंतू सापडतात, ज्यांना आमवाताचा जुना विकार आहे, त्यांना ही भीती अधिक.

हे ऐकून कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनलाच भिऊ नये. पूर्वी हा धोका फार मोठा होता. इंग्लंडात राइटिंग्टन येथे जॉन चार्नली या शल्यविशारदाने खुब्याचा कृत्रिम सांधा बसवण्याची पद्धत १९६२ च्या सुमारास नावारूपाला आणली. त्याच्या सुरुवातीच्या रोग्यांत शंभरात सुमारे सात जणांना जंतुबाधा होई. त्याने ऑपरेशनच्या खोलीतली हवा गाळून शुद्ध करून घेतली, अंगरखे बदलले, आणि ते प्रमाण शंभरात एकाहूनही खाली आणले. आज चांगल्या ठिकाणी पहिल्यांदा गुडघा बदलणाऱ्यांत शंभरात एक-दोघांनाच ही बाधा होते. म्हणजे अठ्ठ्याण्णव जणी सुखाने चालतात. पण ज्या एक-दोन जणींना होते त्यांच्या घरचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि ते पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखे असतात, म्हणून हे बोलणे.

सासूबाईंचे पुढे काय झाले ते सांगते. डावा गुडघा ठणकला त्याच दिवशी आम्ही पुणे गाठले. डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. आधी रक्त घेतले, दोन्ही गुडघ्यांतले पाणी घेतले, आणि मगच शिरेतून औषध सुरू केले. या वेळी जंतू दोन्हीकडून उगवला, आणि रक्तातूनही. हृदयाच्या झडपेवर तो बसला नाही ना, हे पाहण्यासाठी हृदयाची सोनोग्राफीही केली. ती सुदैवाने स्वच्छ निघाली. नवरात्रात ऑपरेशन झाले. डाव्या गुडघ्यात जंतू येऊन दोनच दिवस झाले होते, थर अजून कच्चा होता. तो गुडघा उघडून, धुऊन, घासून, मधली प्लास्टिकची चकती तेवढी बदलली. धातू जागच्या जागी राहिला. उजव्याचे मात्र तसे जमले नाही. तिथे जंतूने दीड महिना मुक्काम केला होता. तो सबंध सांधा काढावा लागला आणि त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा भरला. सिमेंट म्हणजे घर बांधायचे नव्हे. दातांच्या कवळीला वापरतात त्या जातीचा तो पदार्थ. त्यात अँटिबायोटिक मिसळण्याची युक्ती जर्मनीत हॅम्बुर्ग येथे बुखहोल्त्स या शल्यविशारदाने काढली. ती १९७० साली प्रसिद्ध झाली.

मग सहा आठवडे शिरेतून औषध, त्यानंतर गोळ्या, दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी. २०२३ च्या फेब्रुवारीत उजव्या पायात नवा सांधा बसला. साडेचार महिने सासूबाईंनी त्या पायावर भार दिला नाही. आज त्या काठी घेऊन चालतात. घाटापर्यंत जात नाहीत, पण देवळापर्यंत जातात.

एकच जंतू, एकच बाई, दोन गुडघे. एक वाचला आणि एक काढावा लागला. दोन्हींत फरक एवढाच की, एकाला दोन दिवसांत उपचार मिळाला आणि दुसऱ्याला दीड महिन्याने. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार या दोन गुडघ्यांत आहे.

आता आपण काय करावे ते सांगते.

पहिली गोष्ट, पाय. पावसाळ्यात घरी आल्यावर पाय धुवावेत, आणि नुसते धुऊन भागत नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्याव्यात. हिवाळ्यात टाचांच्या भेगा चिरू देऊ नयेत. नखे आत रुतू देऊ नयेत. मधुमेह असेल त्यांनी रोज दिव्याखाली पाय बघावेत, कारण त्यांना जखम दुखत नाही. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगावे. त्यात लाज कसली?

दुसरी, तोंड. किडके दात आणि पुवाळलेल्या हिरड्या ऑपरेशनच्या आधी दुरुस्त करून घ्याव्यात. मिश्रीची सवय असेल तर ती सोडावी. तिने हिरड्याही जातात, आणि तंबाखूने जखम भरायलाही वेळ लागतो. सांधे बदललेल्या माणसाने दात काढण्याआधी दर वेळी अँटिबायोटिक घ्यावे असे पूर्वी सांगत. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संस्थेने २०१५ साली सर्वसाधारणपणे त्याची जरुरी नाही असे ठरवले. पण ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांना अशा वेळी आधी औषध द्यावे लागते. म्हणून दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्यापूर्वीच अंगात काय बसवले आहे ते सांगावे.

तिसरी, सांगणे. ताप, जखम, लघवीची जळजळ, कशासाठीही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिले वाक्य हे असावे की, माझ्या अमुक सांध्यात धातू आहे. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. झडप, पेसमेकर, हाडातली सळी, पोटातली जाळी, जे असेल ते सगळे सांगावे.

चौथी, आणि मला वाटते सर्वांत महत्त्वाची. बदललेला गुडघा बरा झाल्यावर पुन्हा नव्याने दुखू लागला, सुजला, तापला, किंवा टाक्यांच्या जागेतून पाणी झिरपू लागले, तर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नयेत, लेप लावू नये, शेकू नये. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना गाठावे. आधी पाण्याचा आणि रक्ताचा नमुना, मग औषध, हा क्रम धरावा. ते पाणीही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच, पूर्ण स्वच्छता राखून काढावे. कुठल्याही दवाखान्यात सांध्यात सुई घालू देऊ नये. आणि थंडी भरून ताप आला, माणूस भ्रमात बोलू लागले, तर उद्यावर न टाकता मोठे रुग्णालय गाठावे. तिथे नमुना घ्यायला मोजकी मिनिटे लागतात आणि लगेच औषध सुरू होते.

पाचवी, दुसरा सांधा. एक सांधा बिघडला असेल तर बाकीच्यांची चौकशी आपण होऊन करावी. "डावा दुखतो का?" असे रोज विचारावे. आणि एका ठिकाणी बाधा चालू असताना दुसरा गुडघा बदलून घेण्याची घाई करू नये. घर पुरते निर्जंतुक झाल्याखेरीज नवा पाहुणा आणू नये. ही भीती ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन वर्षांत अधिक असते, पण ती जन्मभर थोडीफार राहते. सासूबाईंना सहा वर्षांनी झाले.

शेवटी मनातले एक बोलते. आपण बायका दुखणे लपवतो. घरात सणवार आहे, मुलाची परीक्षा आहे, आधीच ऑपरेशनला एवढा पैसा लागला, आता पुन्हा कसे सांगायचे, म्हणून गप्प बसतो. सासूबाईही त्यासाठीच गप्प बसल्या होत्या. मुलाच्या खर्चाची काळजी केली, आणि त्या काळजीपायी दोन ऑपरेशने जास्त झाली. पाय दुखतो हे सांगणे म्हणजे कुरकुर नव्हे. ते घराचे रक्षण आहे.

अध्यक्षीणबाईंपुढे माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी वाण लुटतो. डबे झाले, वाट्या झाल्या. येत्या संक्रांतीला एक नेलकटर आणि एक छोटे कार्ड द्यावे. कार्डावर मराठीत चारच ओळी असाव्यात: माझ्या शरीरात काय बसवले आहे, कोणत्या बाजूला, कोणत्या साली, आणि कोणत्या डॉक्टरांनी. ज्या भगिनींना लिहिता येत नाही त्यांची कार्डे मी आणि माझी मुलगी घरोघरी जाऊन भरून देऊ. ते कार्ड पर्समध्ये पैशांच्या शेजारी ठेवावे.

 ज्या अकरा जणींना मी मघाशी मोजले, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत, म्हणजे कार्डांचे काम आजच सुरू करता येईल.